हवेत दगड ठेवायचा नाही

२०२१ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि तोपर्यंत माझ्या हातची एकही भिंत पडली नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं ते लागेल. शाळा माझी चौथीपर्यंत. लिहितो ते शाळेनं दिलेल्या भाषेत लिहितो. बोललेलं मात्र आमच्या वऱ्हाडात बोलतात तसंच ठेवतो. त्यात मी कोणाला हात घालू देत नाही.

त्या साली अमरावतीत एका वकीलबाईंच्या घरी कंपाउंडच्या भिंतीचं काम निघालं. बाई माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नाही. चाळीस वर्षं कोर्टात उभ्या राहिल्या आणि त्या उभं राहण्यातच गुडघे गेले. खोलीतून ओट्यापर्यंत यायचं म्हणजे भिंत धरून वीस पावलं आणि मध्ये एक विसावा. पण आवाज शाबूत होता. मी गिलावा करत होतो, तर खिडकीतून तोच आवाज आला.

"मिस्त्री, कमान बांधता येते का?"

"कायची कमान?"

"दगडाची. पुलाची."

"पूल कुठी हाय?"

"आत या. दाखवते."

आत कॉम्प्युटर होता. त्याच्यात एक जग होतं, सगळं चौकोनी. जमीन चौकोनी, झाड चौकोनी, मेंढरंसुद्धा चौकोनी. हा ठोकळ्यांचा खेळ आता सगळ्यांना ठाऊक आहे, मला तेव्हा नव्हता. जमिनीतून दगडाचा ठोकळा काढायचा, पाहिजे तिथं ठेवायचा, असं करत घर बांधा, गाव बांधा. आपापल्या घरी बसून दहा-बारा माणसं एकाच जगात येतात आणि एकमेकांच्या शेजारी बांधतात. पुण्याच्या पुतणीनं कोरोनात तो बाईंना लावून दिला होता, आत्या घराबाहेर पडू नये म्हणून.

त्या जगाचा कारभार अकोल्याच्या एका निवृत्त स्टेशनमास्तरांकडं होता. त्यांनी नोकरीची शेवटची वर्षं मूर्तिजापूरला काढली होती. तिथून अचलपूरला जाणारी आमची छोटी गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत बंद झाली. मग त्यांनी ठरवलं, ती गाडी ह्या जगात पुन्हा चालवायची. मास्तर रूळ टाकायचे, बाई स्टेशनं आणि पूल बांधायच्या. बाई लहानपणी वडिलांचं बोट धरून त्या गाडीनं अचलपूरला जात.

"मले त्या गाडीत पुन्हा बसायचं आहे, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "खिडकीजवळ. आणि पुलावरून जाताना खाली पाहायचं आहे."

मी पडद्याकडं पाहिलं. नाल्याच्या मधोमध, खाली खांब नाही, बाजूला भिंत नाही, एक दगड आभाळात लटकला होता.

"हा कायच्यावर उभा हाय?"

"कशावरच नाही. या खेळात राहतो तसा. खालचा काढला तरी वरचा पडत नाही."

मी थापी उचलली. "बाई, असं काम मी पाह्यत नाही," म्हटलं आणि भिंत अर्धी टाकून घरी गेलो. तीन दिवस गेलो नाही.

चौथ्या दिवशी माणसाच्या हाती चिठ्ठी आली. कोर्टाच्या कागदावर, समास सोडून लिहिलेली. "कलम एक. हवेत दगड ठेवायचा नाही. स्टेशनमास्तरांची मंजुरी घेतली आहे. भिंत पुरी करावी."

भिंत पुरी झाली. तरी मी जात राहिलो, रोज सकाळी आठला. घरचे म्हणाले, म्हातारपणी कॉम्प्युटरवर पूल बांधून राहिले म्हणे. म्हटलं, होय, बांधून राहिलो.

बाईंचं सगळं कोर्टाच्या हिशेबानं चालायचं. लाल फीत बांधलेली एक फाईल होती. एक ठोकळा ठेवायचा झाला तरी आधी त्या फाईलमध्ये जागेची चतुःसीमा लिहिणार, खरेदीखतात लिहितात तशी. पूर्वेस स्टेशनमास्तरांचे यार्ड. पश्चिमेस टेकडी. उत्तरेस व दक्षिणेस नाला. मला वाचून दाखवणार आणि विचारणार, "हरकत?" मी "नाही" म्हटल्याशिवाय पुढचं पान नाही. चहा आला की, "चहास हरकत?" फुटाणे त्या चमच्यानं खायच्या, बटणं तेलकट होऊ नयेत म्हणून.

त्या जगात नाकं मोठी असलेले गावकरी आहेत. ते कोणी चालवत नाही, खेळच चालवतो. कुठंही उभे राहतात आणि नुसतं 'हं, हं' करतात. बाई त्यांना पक्षकार म्हणायच्या. "हे माझे खरे पक्षकार, मिस्त्री. हं हं करतात, खरं सांगत नाहीत."

आणि बाई चालायच्या. त्या जगात उडायची सोय होती. बाकी सगळे, मास्तरसुद्धा, इकडून तिकडं उडत जायचे. बाई आपल्या ठोकळ्यांच्या घरातून निघायच्या, ओढा ओलांडायच्या, गव्हाच्या बांधावरून, टेकडीला वळसा घालून पुलाच्या जागेवर पोचायच्या. वीस मिनिटं लागायची. मी एकदा म्हटलं, बाई, उडा ना, काम खोळंबलं. त्यांनी खुर्चीत पसरलेल्या गुडघ्यांवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "उडायले काय लागते? चालायले मिळत नाही." त्या दिवसापासून ती वीस मिनिटं मी गप्प बसून राहू लागलो.

कमानीचं नाव काढलं तेव्हा मी अट घातली. कमान कागदावर होत नाही. कमान जमिनीवर आखतात, आहे त्या मापाची, खिळा ठोकून, सुतळी फिरवून. बाईंच्या बैठकीत शहाबादी फरशी होती. एक फरशी म्हणजे एक ठोकळा धरला. खिळा ठोकता येईना म्हणून बाईंनी आपली काठी मधोमध धरली, मी तिला सुतळी बांधली आणि खडूनं नऊ फरशांची कमान ओढली. मग कुठल्या फरशीतून रेघ पूर्ण जाते, कुठल्या फरशीतून अर्धी जाते, ते पाहून पूर्ण दगड कुठं, पायरीचा दगड कुठं, हे ठरवलं. त्या खेळात पायरीच्या आकाराचा दगड मिळतो. चौकोनी ठोकळ्यांतून गोल काढायचा तो त्याच्या जोरावर. खडूची ती कमान पुसली जाऊ नये म्हणून बाईंनी अकरा दिवस बैठकीत पोछा मारू दिला नाही. पाहुणे आले तर म्हणायच्या, "वादग्रस्त जागा आहे, बाजूनं या."

माऊस हातात धरायला मी पंधरा दिवस घेतले. बाई म्हणाल्या, "थापी समजा." थापी समजलो, मग जमलं.

सात कमानी बांधल्या. प्रत्येक कमानीखाली आधी लाकडाच्या ठोकळ्यांचं सेंट्रिंग, म्हणजे कमान तोलणारा तात्पुरता आधार, त्यावर दोन्हीकडून दगड चढवत आणायचे, मधला चावीचा दगड शेवटी बसवायचा, मग लाकूड काढायचं. त्या जगात लाकडाची गरज नव्हती. पण कलम एक होतं आणि कलमाच्या आधी मी होतो. माझ्या आज्यानं छोट्या गाडीच्या खऱ्या पुलांसाठी दगड वाहिले होते असं घरी सांगायचे. खरं-खोटं मला ठाऊक नाही. कमान मात्र मला आली.

आज त्या नाल्यावर जो पूल उभा आहे तो दुसरा. त्याच्यावरून गाडी गेली, बाई तिच्यात बसल्या, खाली पाहिलं. बाईंना जाऊन आता दोन वर्षं झाली, पूल आहे. पण मी सांगतो आहे ते पहिल्या पुलाचं.

पूल पुरा झाला त्या शनिवारी पुतणी पुण्याहून आली आणि बाईंना गाडीत घालून दोन दिवसांसाठी मोझरीच्या आश्रमात घेऊन गेली. किल्ली बाईंनी माझ्याकडं दिली. "लक्ष ठेवा," एवढंच म्हणाल्या. आता नव्या बांधकामावर लक्ष ठेवायचं म्हणजे काय, हे मिस्त्रीला सांगावं लागत नाही. सात दिवस पाणी मारायचं. पाणी मारलं नाही तर जोड कच्चे राहतात. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी कॉम्प्युटर चालू केला. मास्तर पाटात बादलीनं पाणी सोडताना मी पाहिलं होतं. सातही कमानींच्या डोक्यावर एकेक बादली ओतली. पाणी दोन्ही बाजूंनी खाली उतरलं, दगड चमकले. छान दिसलं. कॉम्प्युटर बंद केला, कुलूप लावलं आणि घरी गेलो.

चूक कुठं झाली ते नंतर कळलं. त्या जगात ओतलेलं पाणी आटत नाही. बादलीनं परत उचलून घेईपर्यंत ते वाहतच राहतं, आणि आपला कॉम्प्युटर बंद केला तरी ते जग मास्तरांकडं चालूच असतं. पुलावरून सात धारा खाली पडत राहिल्या. खाली पूर्वेला मास्तरांचं यार्ड होतं. अकरा लाइनी, सहा महिन्यांचं काम. त्या जगात पाण्यानं रूळ उखडतात, दिवे उखडतात, गहू उखडतो. सगळं गेलं. चूक पाणी न उचलण्यात झाली, मारण्यात नाही. म्हणून दुसऱ्या पुलालाही मी सात दिवस पाणी मारलं. ओतायचं आणि लगेच उचलायचं, बाई घड्याळ धरून बसायच्या.

सोमवारी बाई परत आल्या, तर अकोल्याहून मास्तरांचा फोन येऊन गेला होता. बाईंनी फाईल उघडून पुढ्यात ठेवली होती. कलम दोन तिथं होतं, बाईंच्याच अक्षरात. "दुसऱ्याचे बांधकाम जो नासवील त्याचे स्वतःचे बांधकाम जाईल." मास्तर रेल्वेचा माणूस. अपघात झाला की चौकशी. पुढच्या रविवारी दुपारी चौकशी बसणार होती.

"बाई, ते पानी," मी म्हटलं.

"थांबा." त्यांनी चमचा वर केला. "मले खरं सांगू नका, मिस्त्री. खरं ऐकलं की माझ्यानं बाजू मांडवत नाही. चाळीस वर्षांत एकाही पक्षकाराले मी 'तू केलं का' असं विचारलं नाही. सिद्ध काय होते, तेवढंच."

"पन बाई..."

"फुटाणे घ्या."

आठवडाभर मी तोंड उघडलं की फुटाणे पुढं यायचे. पूल गेला तर बाईंची गाडी जाणार होती, रोजच्या चालण्याचं टोक जाणार होतं. हे मलाही कळत होतं. म्हणून मी फुटाणे खात राहिलो.

रविवारी बाईंनी साडीवर काळा कोट चढवला. त्यांना पाहणारं तिथं कोणी नव्हतं, मी सोडून. पडद्यावर वाहून गेलेल्या यार्डात सगळे जमले होते, दहा-बारा चौकोनी माणसं, आणि मध्ये दोन नाकवाले गावकरी आपले उगाच येऊन उभे. मास्तरांचा आवाज स्पीकरवर आला.

"बाई, अकरा लाइनी होत्या. एक राह्यली नाही. नोंदीत बादली तुमच्या नावावर आहे. सात वेळा."

"नोंदीत नाव आहे. हात कोणाचा, ते आहे का?"

"हात कसा असन नोंदीत?"

"मग नाही असं लिहून घ्या. त्या दिवशी मी मोझरीला होते. पुतणी साक्षीला आहे. शिवाय त्या दिवशी या जगात पाऊस होता."

"इथल्या पावसानं रूळ वाह्यत नाही बाई. मी इथले लय पावसाळे पाह्यले."

"तुम्ही रेल्वेत होते, मास्तर. रूळ वाहणार नाही असं रेल्वेनं कितीदा म्हटलं, ते मी काढू का?"

कोणीतरी हसलं. मास्तरही थोडे हसले, मग खाकरले. "बरं, तुमी मोझरीले. मंग घरात कोन होतं?"

"ते सिद्ध करायचं काम तुमचं. कलम म्हणते, जो नासवील त्याचं. जो कोण, तेच ठरलं नाही. शंकेचा फायदा द्यावा लागते."

मी बाजूच्या स्टुलावर बसलो होतो. बाई माझ्याकडं पाहत नव्हत्या, पण त्यांचा डावा हात माझ्या बाजूला टेबलावर आडवा ठेवलेला होता, फाटक लावावं तसा. गावकरी 'हं, हं' करत राहिले. मग मास्तर म्हणाले, "कायद्यात मी तुमाले पुरनार नाही. पूल राहू द्या. मी असं लिहितो : अज्ञात खोडसाळ इसमाने पाणी ओतून नुकसान केले."

केस जिंकली होती. बाईंनी कोटाचं वरचं बटण काढलंसुद्धा.

पण तो शब्द माझ्या डोक्यात गेला. खोडसाळ. एकाहत्तर वर्षांचा माणूस, ज्यानं अमरावतीत आणि अकोल्यात मिळून किती भिंती उभ्या केल्या ते त्यालाही आठवत नाही, त्यानं नव्या बांधकामाला पाणी मारलं, तर तो खोडसाळ. आणि अज्ञात. मी बाईंच्या हातावरून वाकलो आणि माईकजवळ तोंड नेलं.

"खोडसाळ कोन?" म्हटलं. "पानी म्या मारलं. नवं बांधकाम होतं. सात दिवस मारतो मी. नव्या बांधकामाले पानी मारत नाही तो मिस्त्री कायचा?"

बाईंनी हात टेबलावरून उचलला. कोट काढला, घडी घातली, मांडीवर ठेवला.

"पक्षकारानं कबुली दिली," त्या म्हणाल्या. "माझं म्हणणं संपलं."

"मिस्त्री," मास्तरांनी विचारलं, "सात दिवस मारनार होते?"

"होय."

"म्हनजे अजून सहा राह्यले होते."

"होय."

"बरं झालं," मास्तर म्हणाले, आणि ह्या वेळी कोणी हसलं नाही. "कलम दोन. पूल जाते. बाईची यात चूक नाही, त्या या जगात राहतीन. मी एका बटनात पुसून टाकतो, मिनिटभराचं काम आहे."

"बटन दाबू नका," मी म्हटलं. "माह्या हातचं हाय. मी काढतो."

"सात कमानी आहेत. महिना लागन."

"लागू द्या. तुमचे रूळही मीच टाकून देतो."

कॉम्प्युटर बंद झाला. बाईंनी फाईल मिटून लाल फीत बांधली. मग म्हणाल्या, "चाळीस वर्षांत माझा एकही पक्षकार जिंकलेल्या केसमध्ये बोलला नाही."

"मी पक्षकार कधी झालो? वकीलपत्रावर सही कुठी केली म्या?"

"सही येते का?"

"येते. चौथी झालो हाय."

"गाडी गेली माझी, मिस्त्री."

भिंतीला टेकवलेली त्यांची काठी घेतली आणि त्यांच्या हाताजवळ ठेवली. म्हटलं, "उद्या येतो."

"येऊ नका."

"आठले येतो," म्हटलं आणि निघालो.

रस्त्यानं सायकल हातात धरून चालत गेलो. वाईट वाटलं नाही असं सांगणार नाही. पण माझं कुठं चुकलं, हे मला तेव्हाही सापडलं नाही आणि आजही सापडत नाही. अज्ञात इसमाच्या खोट्या नोंदीवर पूल उभा राहिला असता, तर तो हवेत ठेवलेला दगडच झाला असता. हे मला बोलता आलं नाही. आज लिहितो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी गेलो. खिशात खडू आणि सुतळी होती, सवयीनं. दाराची कडी आतून काढून ठेवलेली होती. बाई कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या, बशीत चहा, कोट कुठं दिसत नव्हता. पडद्यावर पूल होता. आणि पहिल्या कमानीच्या पोटात खालपासून वरपर्यंत लाकडाचे ठोकळे भरलेले होते. सेंट्रिंग. एकटीनं लावलेलं, दोन ठिकाणी वाकडं. कमान पाडतानाही आधी लाकूड लावावं लागतं, नाहीतर ती अंगावर येते, हे मीच कधीतरी सांगितलं असेल. त्या जगात काहीच अंगावर येत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"कलम एक," बाई माझ्याकडं न पाहता म्हणाल्या. "पूल जाईपर्यंत लागू आहे. कुठून काढायचा?"

"बांधतानी खालून. पाडतानी वरून."

"मग वेळ काहून लावून राहिले?"

मी स्टूल ओढलं, माऊस हातात घेतला आणि कठड्याचा पहिला दगड काढला. बाईंनी लाल फीत सोडली, कोरं पान घेतलं, आणि तो दगड कुठून निघाला ते दुसऱ्या पुलासाठी लिहून ठेवलं. मी दुसऱ्या दगडाला हात घातला.